बैठक

कंपनीच्या पुस्तिकेत चालवणाऱ्याचं वजन
पंचाहत्तर किलो धरलंय. उंचीला रकानाच नाही.
मी एकशे सव्वीस. सहा फूट चार,
सकाळी मोजलं तर पाव इंच जास्त.

नोकरी वैधमापन खात्यात.
दादरच्या मंडईत वजनं उलटी करून बघतो,
बुडाचं शिसं जागेवर आहे का, कुणी खरवडलंय का,
मग शिक्का मारतो.
मला मात्र आजवर कुणी मापलं नव्हतं,
शिंपी सोडून, आणि तोही
स्टुलावर उभा राहून, कंटाळून.
वाकायची सवय पाठीला आधी लागली,
मला नंतर कळली.

लांबच्या प्रवासाची म्हणून घेतलेली ही गाडी.
पनवेलला गुडघे बोलायला लागायचे,
वडखळला मनगटं,
माणगावला मी उतरून
रस्त्याकडेला हात झटकत उभा.
गतिरोधकावर मागचं स्प्रिंग बसायचं
आणि उठायला कुरकुरायचं.
माझ्या भारानं मागून दबलेल्या गाडीचा दिवा
रात्री रस्ता सोडून
झाडांच्या शेंड्यांत घुबडं शोधायचा.

कलिन्याच्या गावठाणात पास्कू मिस्किटाचं गॅरेज.
त्यानं हँडल दीड इंच वर घेतलं, एक इंच माझ्याकडे.
पायखुंट्या दोन इंच खाली.
"याच्या खाली नको बाबा, वळणावर रस्ता चाटतील."
क्लचची केबल तोकडी पडली,
माझ्या सगळ्या पँटींसारखी.
नवी आणली. स्प्रिंग जाड तारेचं घातलं.
दिवा झाडावरून उतरला.
"आता सीट," पास्कू म्हणाला, "ते माझं काम नाही.
तुफैलकडे जा."

सीएसटी रोडला, दोन काचवाल्यांच्या फटीत,
तुफैलचाचाचं दुकान: एक शिलाई मशीन आणि एक पंखा.
त्यानं गाडी बघितलीच नाही.
लाकडाच्या भुशाची गोणी पसरली, किंचित ओली.
"बसा. हलू नका."
पंखा फिरत होता. दहा मिनिटं मी
नवसाला बसवल्यासारखा बसलो.
उठलो तेव्हा भुशात माझा खड्डा.
त्यात त्यानं तळवा ठेवला,
बराच वेळ काही बोलला नाही.

"डावीकडे जास्त बसता, साहेब.
उजव्या खांद्यावर काय असतं?"

एकोणीस वर्षं
प्रमाणित वजनांची पेटी.
पाच किलो, दोन, एक, पाचशे ग्रॅम,
खाली खाली मखमलीच्या खाचेतला एक ग्रॅमही.
हे खात्याला माहीत नाही. अस्थितज्ज्ञाला नाही.
बायकोला माहीत असेल, ती बोलली नसेल.

खाली कडक फोम, वर मऊ,
डावीकडे बोटभर जादा.
वजन कमी भरलं तर आम्ही
त्याच्या पोटात शिसं ओततो, अगदी तसंच;
मग त्याला कुणी कमी म्हणत नाही.

पण त्यानं शिवलं नाही.
वर नुसतं फडकं ताणलं, चिकटपट्टी लावली
आणि खडूचा तुकडा दिला.
"ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन या.
दुखेल तिथे खूण करा."

पहिल्यांदा पाच खुणा घेऊन आलो.
त्यानं सुरी फिरवली.
दुसऱ्यांदा एक, मांडीखाली, तीही अर्धवट.
पुन्हा सुरी.
मग पटकन स्वतःच चढून बसला,
पाच फुटांचा तुफैलचाचा,
पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत.
"खोटं माप आहे," हसत म्हणाला,
"माझ्यासाठी."

तिसऱ्यांदा पुलाअलीकडे मुलुंडला थांबलो.
गाडी लावली. खिशात हात घातला,
खडू बोटांत फिरवत राहिलो,
कुठे खूण करावी सुचेना.
चहाची टपरी होती.
आत शिरताना सवयीनं वाकलो.

दार नव्हतंच.
चार बांबू, वर निळी ताडपत्री,
माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच.